तिसऱ्यांदा करू का, खाला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, मी कविता लिहिते. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध एवढाच की मी मिरजेत राहते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. इथे स्टेशनवर उतरणाऱ्या दर चार माणसांतल्या एकाच्या हातात एक्स-रेचे पाकीट असते, असे आम्ही गमतीने म्हणतो. तरीही आज मी एका शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहे. त्याचे कारण माझी भाची.

ती पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षाच्या आधीच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "खाला, तिसऱ्यांदा करू का?"

काय ते तिला सांगावे लागले नाही. आमच्या घरात ही गोष्ट फक्त तिघींना ठाऊक होती. ती, तिची आई म्हणजे माझी आपा, आणि मी. भाचीने २०१४ साली, लग्नाच्या सहा महिने आधी, छातीची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घेतली होती. दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले होते. चार वर्षांनी डावी बाजू घट्ट झाली, म्हणून २०१८ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. दोन्हीकडचे इम्प्लांट बदलले आणि "आता करतोच आहोत तर" म्हणून थोडे मोठे बसवले. २०२० मध्ये तिला मुलगी झाली. २०२३ पासून डावी बाजू पुन्हा घट्ट होऊ लागली, बोटभर वर सरकली. हात वर केला की दुखायचे. पहिल्याच डॉक्टरांनी सांगितले, "किरकोळ आहे. दीड तासाचे काम. पुन्हा बदलून टाकू."

हे सगळे आज तिच्या परवानगीने सांगते आहे. तिची अट एकच होती, नाव घ्यायचे नाही. आपल्याकडे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा चहा पिता पिता होते, छातीची होत नाही. म्हणून अशी मुलगी जाहिरात वाचून पहिला निर्णय घेते, घाबरून दुसरा घेते आणि तिसऱ्याच्या वेळी रात्री साडेदहाला मावशीला फोन करते. अशा आणखी काही भाच्या ऐकत असतील, असे मला वाटते.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या लवचीक कवचाची पिशवी. तिच्यात सिलिकॉनचा जेल असतो किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी असते. ती स्तनाच्या ग्रंथीखाली किंवा त्याहून खोल, छातीच्या स्नायूखाली ठेवतात. सिलिकॉनची अशी पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या डॉक्टरांनी टिमी जीन लिंडसे नावाच्या बाईंना बसवली. त्या बाई दवाखान्यात गेल्या होत्या त्या अंगावरचे गोंदण काढून घ्यायला. छातीविषयी त्यांची तक्रार नव्हती; त्यांना आपले पुढे आलेले कान मागे घ्यायचे होते. डॉक्टरांनी छातीचे विचारले, त्या हो म्हणाल्या आणि कानांचे कामही करून मिळाले. मला ही हकिगत फार बोलकी वाटते. गरज बाईची नव्हती, सूचना बाहेरून आली. साठ वर्षे उलटली तरी पुष्कळ वेळा असेच घडते.

दुसरी गोष्ट. हे इम्प्लांट जन्मभराचे नसते. अमेरिकेतली औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा म्हणजे एफडीए. ती स्पष्ट शब्दांत सांगते की इम्प्लांट ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही, आणि ती जितकी जास्त वर्षे शरीरात राहील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते. मात्र याचा उलटा अर्थही काढू नये. "दहा वर्षे झाली, आता बदललेच पाहिजे" असा समज बायकांमध्ये पसरलेला आहे. दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख यावर नसते. त्रास नसेल, तपासणीत दोष नसेल, तर केवळ वर्षे भरली म्हणून कोणी टेबलावर जायचे कारण नाही.

मग दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया का करावी लागते? सर्वांत मोठे कारण म्हणजे आपल्या शरीराचा स्वभाव. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणते. बोटात काटा राहिला तर त्याभोवती गाठ धरते, तसेच. इम्प्लांटभोवती हा पडदा प्रत्येकीच्या शरीरात तयार होतो आणि बहुतेकींना त्याचा त्रास नसतो. काहींच्या बाबतीत तो जाड होतो, आवळू लागतो आणि आतली मऊ पिशवी चेंडूसारखी घट्ट लागते. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊ असतो. दुसरीत हाताला थोडा घट्ट लागतो, पण दिसायला ठीक असतो. तिसरीत घट्टपणा डोळ्यांना दिसतो. चौथीत तो कडक होतो, आकार बिघडतो आणि दुखते. भाचीची डावी बाजू तिसरीच्या पुढे, चौथीकडे झुकलेली होती.

दुसरे कारण पिशवी फाटण्याचे. पाण्याची पिशवी फाटली तर पाणी शरीरात शोषले जाते, बाजू बसते आणि लगेच कळते. जेलची पिशवी फाटली तर पुष्कळदा काहीच कळत नाही. म्हणून एफडीएचा सल्ला असा आहे की जेलच्या इम्प्लांटची, त्रास नसला तरी, शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. माझ्या भाचीला हे दहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. सांगितले असेल तर ते तिने सही केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी असेल.

बाकीची कारणे म्हणजे पिशवी जागेवरून सरकणे, कातडीवर लाटा दिसणे, दोन बाजूंत फरक पडणे, आणि मन बदलणे. मोठे हवे होते, आता लहान हवे. लहान होते, आता मोठे हवे. हेही कारणच आहे, नोंदीत ते वेगळे लिहिले जाते.

आता दोन आकडे सांगते. अमेरिकेतील एका कंपनीच्या जेल इम्प्लांटचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात केवळ आकार वाढवण्यासाठी पहिल्यांदा इम्प्लांट घेतलेल्या शंभर जणींपैकी सुमारे ३६ जणींना दहा वर्षांत पुन्हा कोणती ना कोणती शस्त्रक्रिया करावी लागली. आणि ज्यांनी जुने बदलून नवे घेतले होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात सुमारे ४६ होते. म्हणजे दुरुस्तीनंतर पुन्हा दुरुस्तीची वेळ येण्याची शक्यता घटत नाही, वाढते. "एकदाच बदलून टाकू, मग सुटलो" हा हिशेब चुकीचा आहे तो इथे. मी हे आकडे भाचीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "खाला, मला वाटायचं माझंच शरीर खराब आहे." तिचे शरीर खराब नव्हते. ती त्या शेकड्यातली एक होती, इतकेच.

असे का होते? आमच्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. तिथे एक चाचा राहतात, सतार-तंबोऱ्याची दुरुस्ती करण्यात त्यांचा जन्म गेला. तंबोऱ्याची जवारी लावायची म्हणजे तारांखालची घोडी कानशीने हलके हलके घासायची. एकदा मी त्यांना विचारले, "चाचा, किती वेळा करता येते हे?" ते म्हणाले, "बेटी, दर वेळी थोडी घोडी जाते. जितक्या वेळा हात लावाल तितकी उरते कमी. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, आवाज बिघडलाय, की नुसता डोळ्याला खटकतोय? डोळ्याला खटकत असेल तर मी घरी पाठवतो." घोडी झिजली तर चाचा नवी बसवतात. माणसाची कातडी आणि स्नायू असे नवे बसवता येत नाहीत. प्रत्येक शस्त्रक्रियेत जुना पडदा कापावा किंवा काढावा लागतो, त्याबरोबर वरचा थर पातळ होतो, रक्तपुरवठा कमी होतो, नवे व्रण पडतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. थर पातळ झाला की पिशवीच्या कडा आणि लाटा अधिक दिसतात, आणि त्या दिसतात म्हणून आणखी एक दुरुस्ती सुचवली जाते. आगीतून फुफाट्यात, ते असे.

चाचांचा प्रश्न मी भाचीला जसाच्या तसा विचारला. आवाज बिघडलाय, की डोळ्याला खटकतोय? आम्ही एक कागद घेतला आणि तिच्या तक्रारी तीन रकान्यांत लिहिल्या.

पहिला रकाना, ज्यात थांबायचे नसते. नवी गाठ, अचानक आलेली सूज, लाली आणि ताप, तपासणीत फाटलेली दिसलेली पिशवी. यांत काही असेल तर डॉक्टरकडे लगेच जायचे. दुसरा रकाना, ज्यात शरीराला खरा त्रास आहे पण विचाराला वेळ आहे. दुखणारा घट्टपणा, हात वर न जाणे, झोपताना टोचणे. तिसरा रकाना, जो फक्त आरशाचा आहे. बोटभर फरक, ब्लाउजची फिटिंग, आणखी थोडा आकार. तिसरा रकाना खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण त्यात घाईचे काहीच नसते. भाचीचे दुखणे दुसऱ्या रकान्यात होते आणि इच्छा तिसऱ्यात. दीड तासाच्या त्या "किरकोळ" कामात दोन्ही एकत्र बांधून टाकल्या होत्या.

पहिल्या रकान्याविषयी थोडे अधिक, कारण त्यामागे इतिहास आहे. १९९२ मध्ये अमेरिकेने जेलच्या इम्प्लांटवर मोठे निर्बंध घातले. कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवण्यासाठी आणि अभ्यासापुरतीच परवानगी उरली. १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल दिला की इम्प्लांटमुळे सर्वांगाचे गंभीर रोग होतात असा पुरावा मिळत नाही, पण स्तनापुरत्या गुंतागुंती, म्हणजे फाटणे, आवळणे, पुन्हा शस्त्रक्रिया, हा खरा प्रश्न आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये परवानगी पुन्हा मिळाली. मग २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीचे प्रकरण बाहेर आले. त्यांनी वैद्यकीय दर्जाच्या ऐवजी कारखान्यात वापरायचे सिलिकॉन भरले होते. फ्रान्स सरकारने २०११ च्या अखेरीस सुमारे ३०,००० स्त्रियांना ते काढून घेण्याचा सल्ला दिला आणि २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला चार वर्षांची शिक्षा झाली.

आणखी एक गोष्ट. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिंफोमा होतो. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, पडद्यात होणारा रक्तपेशींचा कॅन्सर. अमेरिकेच्या एफडीएने त्याकडे २०११ मध्ये लक्ष वेधले, आणि जुलै २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीने आपले बायोसेल जातीचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतले. त्याची मुख्य खूण म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका बाजूला पाणी साठून आलेली सूज. ही सूज "मुका मार लागला असेल" म्हणून सोडून द्यायची नसते. मात्र असे इम्प्लांट असूनही ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी घाबरून ते काढावेत असा सल्ला एफडीएने दिलेला नाही. ऑक्टोबर २०२१ पासून तर तिथे प्रत्येक इम्प्लांटवर चौकटीत ठळक इशारा छापणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी बाईबरोबर एकेक मुद्दा वाचून सह्या घेणे बंधनकारक केले गेले. काही स्त्रियांना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा असा त्रास होतो आणि इम्प्लांट काढल्यावर त्यांतल्या काहींना बरे वाटते, याचाही उल्लेख त्या इशाऱ्यात आहे.

म्हणून आपल्या शरीरात नेमके कोणते इम्प्लांट आहे, हे प्रत्येकीला ठाऊक असले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर कंपनीचे नाव, प्रकार, आकार आणि क्रमांक असलेले कार्ड मिळते. भाचीला तिचे कार्ड सापडेना. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथे आम्ही तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा फाइल जुन्या इमारतीत होती, दुसऱ्यांदा कारकून रजेवर होता. तिसऱ्यांदा मी बाकावर बसून राहिले आणि सांगितले, मला संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पाऊण तासात फाइल मिळाली. इम्प्लांट गुळगुळीत पृष्ठभागाचे होते. त्या एका ओळीने आमची निम्मी काळजी गेली. मैत्रिणींनो, ते कार्ड दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

मग तपासणी. एमआरआय केला. पिशव्या दोन्ही शाबूत होत्या, गाठ नव्हती, पाणी नव्हते. म्हणजे पहिला रकाना रिकामा. आता घाई कोणालाच नव्हती. जाता जाता, ज्यांना मॅमोग्राफी करायची आहे त्यांनी इम्प्लांट असल्याचे तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगावे. त्यासाठी वेगळ्या कोनातून जास्तीच्या प्रतिमा घ्याव्या लागतात. लाजेने लपवले तर तपासणी अपुरी राहते.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, ज्यांचा पहिल्या दवाखान्याशी संबंध नव्हता. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. घर बांधतानासुद्धा आपण दोन मिस्त्री विचारतो. जाताना प्रश्न लिहून नेले. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते. मागच्या दोन्ही वेळी काय बिघडले आणि का? या वेळी तुम्ही नेमके वेगळे काय करणार? माझ्या कातडीचा थर आता किती जाड उरला आहे? काहीच केले नाही तर काय होईल? नुसते काढले, नवे बसवले नाही तर काय होईल? अशा दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती करता? भूल कोण देणार, आणि रात्री त्रास झाला तर फोन कोणी उचलायचा? प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे ना, हेही पाहावे. भिंतीवर प्रमाणपत्रे पुष्कळ असतात, त्यांतले काय कशाचे ते विचारायला संकोच नको. खर्चही पुढचा धरून विचारावा. सुंदर दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा कंपन्या साधारणपणे देत नाहीत, आणि पुढच्या तपासण्यांचा खर्चही आपलाच असतो.

या प्रश्नांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळले. या वेळी वेगळे काय? पहिल्या डॉक्टरांचे उत्तर होते, "पुन्हा बदलू." म्हणजे तीच जागा, तसलीच पिशवी. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेच पुन्हा केलं तर तेच पुन्हा होण्याची शक्यता मोठी. नवी पिशवी घालायचीच असेल तर जुना पडदा पूर्ण काढावा लागेल, जागा बदलून स्नायूखाली जावं लागेल आणि आकार लहान करावा लागेल. तरीसुद्धा मी खात्री देणार नाही."

त्यांनी चार वाटा समोर ठेवल्या. पहिली, सध्या काही न करता दर वर्षी तपासत राहणे. दुसरी, वर सांगितली ती. तिसरी, दोन्ही इम्प्लांट आणि पडदे काढून टाकणे, नवे काही न बसवणे. यात स्तन लहान आणि सैल दिसतात, खड्डा किंवा सुरकुत्या राहू शकतात. हवे असल्यास नंतर कातडी वर ओढून घेण्याची शस्त्रक्रिया करता येते, पण त्याचेही व्रण असतात. चौथी, काढून झाल्यावर पोटावरची किंवा मांडीवरची थोडी चरबी तिथे भरणे. त्यातली काही विरघळून जाते, आणि आकार थोडाच वाढतो. त्यांनी कोणत्याही वाटेची भलामण केली नाही. एकच सांगितले, "आज ठरवू नका. मागच्या शस्त्रक्रियेनंतर सूज, व्रण जिरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तसंच मनालाही लागतं. बाळंतपण, अंगावरचं दूध, वजनात चढउतार, घरात भांडण, अशा काळात असा निर्णय घेऊ नये."

मग त्यांनी भाचीला एक प्रश्न विचारला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितले. तो प्रश्न भाचीने मला नंतर सांगितला. "आरशासमोर दिवसातला किती वेळ जातो?"

काही जणींच्या बाबतीत दोष शरीरात कमी आणि नजरेत जास्त असतो. इतरांना न दिसणारा किंवा क्षुल्लक वाटणारा दोष त्यांना दिवसभर छळतो. मानसोपचारात याला नाव आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. अशा माणसाला शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही, ते एका दोषावरून दुसऱ्यावर सरकते. म्हणून जबाबदार सर्जन आधी हे विचारतात आणि गरज पडली तर समुपदेशकाकडे पाठवतात. भाचीला तो आजार नव्हता. पण त्या प्रश्नाने ती घरी येऊन रडली.

तिने त्या रात्री मला जे सांगितले ते ऐकायला मी तयार नव्हते. ती बावीस वर्षांची असताना आमच्याकडे एक लग्न होते. हळदीच्या रात्री बायका जमल्या होत्या, थट्टा चालली होती. कोणीतरी तिच्याकडे पाहून म्हणाले, "हिला काय, पुढूनही पाठ अन् मागूनही पाठ." सगळ्या हसल्या. भाची मला म्हणाली, "खाला, बाकीच्या हसल्या त्याचं काही नाही. तुम्ही पण हसलात."

मला आठवत नव्हते. पण मी हसले असणार. स्त्रियांच्या दुःखावर कविता लिहिणारी, व्यासपीठावर त्या वाचणारी मी, एका मुलीच्या अंगावर हसले, आणि ते तिने इतकी वर्षे जपून ठेवले. २०१४ मध्ये तिने मला शस्त्रक्रियेचे सांगितले तेव्हा मी "तुझी मर्जी" म्हणून विषय बदलला होता. ते मी तिचे स्वातंत्र्य जपले असे समजत होते. खरे तर मला त्या विषयाची लाज वाटत होती. मी तिची माफी मागितली. तिने नुसती मान हलवली.

आपाचे म्हणणे वेगळे होते. ती म्हणाली, "शरीर ही अल्लाची अमानत आहे. त्यात ढवळाढवळ केली, आता भोग." मी तिला म्हटले, "आपा, अमानत आहे म्हणूनच तिची काळजी घ्यायची ना? दुखतंय तिला. अमानत सांभाळायची असते, तिच्यावरून टोमणे नाही मारायचे." आपा काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला जायची पिशवी भरली.

भाचीने सात महिने घेतले. या काळात तिने एक वही केली. रोज रात्री दोन ओळी. आज किती दुखले, आणि आज आरशाने किती छळले. सात महिन्यांनी वही पाहिली तर दुखणे जवळजवळ रोजचे होते. आरशाचा त्रास मात्र ठरावीक दिवशी वाढलेला होता, लग्नाला जाण्याच्या आदल्या दिवशी, किंवा कुणी काही बोलल्यावर. तिचा निर्णय त्या वहीने केला. दुखण्यावर उपाय करायचा, बोलण्यावर शस्त्रक्रिया करायची नाही. २०२५ च्या सुरुवातीला तिने दोन्ही इम्प्लांट आणि पडदे काढून घेतले. नवे काही बसवले नाही.

ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. पहिला महिनाभर ती आरशावर ओढणी टाकून ठेवत होती. डाव्या बाजूला थोडा खड्डा आहे, स्पर्श अजून बधिर आहे. जुने ब्लाउज सगळे उसवून लहान करावे लागले. पण तिचा हात वर जातो. मुलीला कडेवर घेते, पालथी झोपते. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "खाला, वहीत लिहायला काही उरलं नाही, म्हणून बंद केली."

प्रत्येकीने असेच करावे, असे माझे म्हणणे नाही. कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवून घेतलेल्या स्त्रीचा हिशेब वेगळा असतो. एखादीला सर्व धोके समजून घेऊन पुन्हा बसवावेसे वाटेल, आणि तो तिचा हक्क आहे. त्यासाठी तिच्या हातात कार्ड असावे, तपासणीचा अहवाल असावा, दोन डॉक्टरांची मते असावीत आणि काही महिने असावेत. "करू का" या प्रश्नाआधी "कशासाठी" आणि "या वेळी वेगळे काय" हे दोन प्रश्न विचारून झालेले असावेत. एवढे झाले तर उत्तर कोणतेही येवो, ते तिचे स्वतःचे असेल.

परवा आमच्या गल्लीत हळद होती. एक सडपातळ पोरगी बायकांना वाढत होती. कोणीतरी तिच्यावरून तोच जुना विनोद केला, शब्दही तेच. दोघीतिघी हसल्या आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागल्या. मी त्या मुलीला जवळ बोलावले, शेजारी बसवून घेतले आणि विचारले, "बेटा, कॉलेजात कोणता विषय घेतलास?"